क्लिपर्टन बेट : वहिवाट हरली, कागद जिंकला

आपल्या मंडळात वाचले जाणारे निबंध बहुधा पन्नास-साठ मैलांच्या परिघातले असतात. कुणी शिलालेखावर लिहितो, कुणी इनामाच्या सनदांवर, कुणी जुन्या पेठेवर. मी या वेळी प्रशांत महासागरातले एक बेट घेतले आहे हे कळल्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी फोन करून विचारले, "अहो, बेळगावात बसून तुम्हाला ते बेट कशाला हवं?" प्रश्न रास्त आहे. उत्तर शेवटी देतो. आधी बेट बघू.

बेट कसे आहे

क्लिपर्टन हे प्रवाळाचे कंकणाकृती बेट. मेक्सिकोच्या किनाऱ्यापासून नैर्ऋत्येला हजार-अकराशे किलोमीटरवर, अगदी एकटे. जमीन म्हणाल तर दोन चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मध्यम गावाच्या शिवारापेक्षाही कमी. तीही सलग नाही. मध्ये मोठे तळे आणि त्याभोवती बांगडीसारखी अरुंद पट्टी. हे तळे समुद्रापासून पूर्ण तुटलेले आहे, आतबाहेर जायला वाट नाही. जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा जेमतेम दोन-तीन मीटर उंच. एका टोकाला २९ मीटर उंचीचा ज्वालामुखीचा खडक, तेवढाच काय तो उंचवटा. रहिवासी म्हणजे समुद्रपक्षी आणि असंख्य नारिंगी खेकडे.

जहाज लागेल असे बंदर नाही. चारी बाजूंनी प्रवाळाचा कडा आणि त्यावर फुटणाऱ्या लाटा. होडीने उतरायचे तर लाटेचा अंदाज घेऊन जीव मुठीत धरावा लागतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

जॉन क्लिपर्टन हा अठराव्या शतकाच्या सुरुवातीला या समुद्रात फिरणारा इंग्रज चाचा. त्याचे नाव बेटाला चिकटले. पक्की नोंद मात्र फ्रेंचांची आहे. ३ एप्रिल १७११ रोजी, गुड फ्रायडेच्या दिवशी, मिशेल द्युबोकाज या फ्रेंच कप्तानाला आणि त्याच्या सोबतच्या जहाजाला हे बेट दिसले. येशूच्या यातनांचा दिवस म्हणून त्यांनी त्याला 'पॅशन बेट' असे नाव दिले. नाव ठेवले आणि पुढे गेले. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षे या जमिनीची कुणाला गरज पडली नाही.

१८५८ : चार दिवस आणि वर्तमानपत्रातली एक सूचना

गरज पडली ती खतामुळे. पेरूच्या चिंचा बेटांवर समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेचे डोंगर होते. हा 'ग्वानो' युरोप-अमेरिकेच्या शेतीला सोन्यासारखा वाटू लागला. १८५६ साली अमेरिकेने कायदाच केला : ज्या बेटावर ग्वानो आहे आणि दुसऱ्या कुठल्या सरकारचा ताबा नाही, ते अमेरिकन नागरिकाने शोधून ताब्यात घेतले तर अमेरिका ते आपल्या अखत्यारीत मानू शकेल. या एका कायद्याच्या जोरावर कितीतरी ओसाड खडकांवर दावे लागले.

फ्रान्सही मागे राहिला नाही. तिसऱ्या नेपोलियनच्या सरकारने ग्वानो काढण्याचा परवाना एका व्यापाऱ्याला दिला आणि बेट ताब्यात घ्यायला नौदलाचा लेफ्टनंट व्हिक्टर ल कोआ द केर्वेगेन याला पाठवले. तो 'लामिराल' नावाच्या व्यापारी जहाजातून गेला. १७ नोव्हेंबर १८५८ रोजी जहाज बेटापासून अर्ध्या मैलावर होते. त्याने जहाजाच्या डेकवरच दस्त तयार केला आणि हे बेट आजपासून आणि कायमचे फ्रान्सचे, असे जाहीर केले. काही खलाशी होडीने कसेबसे उतरून आले. बेटाची मोजणी झाली, टिपणे झाली. पुन्हा उतरण्याचा प्रयत्न केला तो लाटांमुळे फसला, आणि २० तारखेच्या संध्याकाळी जहाज निघून गेले. बेटावर ना झेंडा ठेवला, ना खांब, ना माणूस.

मात्र केर्वेगेनने एक काम चोख केले. त्याने होनोलुलूच्या फ्रेंच वकिलातीला हे कळवले. वकिलातीने हवाईच्या राजाच्या सरकारला सांगितले आणि ८ डिसेंबर १८५८ रोजी होनोलुलूच्या 'द पॉलिनेशियन' या वर्तमानपत्रात इंग्रजीत ती घोषणा छापून आणली. बस्स. पुढची एकोणचाळीस वर्षे फ्रान्सने बेटावर काहीही केले नाही. परवान्याचा उपयोगही झाला नाही.

बेटाचा ताबा म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर खांदेरी येते. १६७९ साली मायनाक भंडारी माणसे आणि तोफा घेऊन त्या ओसाड बेटावर उतरले आणि लागलीच तट बांधायला लागले. मुंबईकर इंग्रज 'बेट आमचे' म्हणत राहिले, लढाया झाल्या, पण तट उभा राहिला आणि बेट राहिले. ताबा म्हणजे असा, ही आपली समजूत. क्लिपर्टनच्या बाबतीत तिला धक्का बसतो.

१८९७ : तीन माणसे, तीन देश

२४ नोव्हेंबर १८९७ रोजी एक फ्रेंच युद्धनौका बेटाजवळून जाताना पाहते तर काय, बेटावर तीन माणसे! सान फ्रान्सिस्कोच्या एका फॉस्फेट कंपनीसाठी ती ग्वानो गोळा करीत होती. जहाज दिसताच त्यांनी अमेरिकेचा झेंडा चढवला. फ्रान्सने वॉशिंग्टनला विचारणा केली. अमेरिकेने उत्तर दिले की आम्ही या कंपनीला परवानगी दिलेली नाही आणि आमचा दावाही नाही.

पण त्याच सुमारास मेक्सिको जागे झाले. त्यांच्या मते हे बेट स्पेनच्या साम्राज्याचा भाग होते आणि वारसाहक्काने मेक्सिकोचे. १३ डिसेंबर १८९७ रोजी 'देमोक्राता' ही मेक्सिकन गनबोट तिथे पोहोचली. अधिकारी आणि शिपाई उतरले, त्या तिघांना अमेरिकन झेंडा उतरवायला लावला आणि मेक्सिकोचा चढवला. तिघांपैकी दोघे बेट सोडायला तयार झाले. तिसरा म्हणाला, मी इथेच राहतो. आणि तो राहिला. तो नंतर कधी गेला याचा पत्ता पुढे निवाडा देणाऱ्यालाही लागला नाही. बेटाच्या सगळ्या कागदपत्रांत स्वतःहून तिथे राहायचे म्हणणारा मला हाच एक माणूस भेटला.

जानेवारी १८९८ मध्ये फ्रान्सने मेक्सिकोला आपल्या १८५८ च्या घोषणेची आठवण करून दिली. पत्रापत्री वाढली. २ मार्च १९०९ रोजी दोन्ही देशांनी करार करून वाद इटलीचा राजा तिसरा व्हिक्टर इमॅन्युएल याच्याकडे लवाद म्हणून सोपवला.

पहारा

आता मेक्सिकोच्या बाजूने विचार करा. जमिनीचा वाद चालू असला की आपल्याकडे कुणीही जाणता माणूस पहिला सल्ला काय देतो? वहिवाट सोडू नका. खोपटे बांधा, गडी ठेवा, पेरणी करा. मेक्सिकोने नेमके तेच केले. एका इंग्रज कंपनीला ग्वानो काढायला दिला. १९०६ साली दीपगृह उभे केले. कॅप्टन रामोन आर्नो याच्या हाताखाली सैनिकांची तुकडी ठेवली. सैनिकांबरोबर त्यांच्या बायका आल्या, मुले आली, काही मुले तिथेच जन्मली. गंमत अशी की आर्नो हा मेक्सिकोत ओरिझाबाला जन्मलेला, पण घराणे मूळचे फ्रेंच. फ्रान्सविरुद्ध मेक्सिकोचे बेट राखायला गेला तो फ्रेंच रक्ताचा माणूस.

बेटावर धान्य पिकत नव्हते. सगळी भिस्त अकापुल्कोहून अधूनमधून येणाऱ्या शिधाच्या जहाजावर. मी इंजिनिअर म्हणून ज्या कामांवर राहिलो तिथे रसद हा पहिला प्रश्न असायचा. साइटवर सिमेंट आठ दिवस उशिरा आले तर काम थांबते, माणसे मरत नाहीत. इथे मात्र जहाज हीच जगण्याची एकमेव वाट होती, दुसरी सोय ठेवलेलीच नव्हती.

ग्वानोचा धंदा परवडेना म्हणून कंपनीने कामगार परत नेले. मेक्सिकोत क्रांती पेटली. १९११ साली पोर्फिरिओ दियासची राजवट पडली, पुढे सरकारांमागून सरकारे पडत गेली, आणि १९१४ मध्ये जहाज यायचे बंद झाले. बेट विसरले गेले.

सुटकेची एक संधी आली होती. त्याच वर्षाच्या सुरुवातीला एक अमेरिकन जहाज बेटाच्या कड्यावर फुटले. त्यातल्या काही खलाशांनी होडीतून अकापुल्को गाठले, आणि उरलेल्यांना न्यायला 'क्लीव्हलंड' ही अमेरिकन युद्धनौका आली. तिच्या कप्तानाने आर्नोला सांगितले, तुमच्या देशात यादवी आहे, तुमचे जहाज येणार नाही, सगळे चला. आर्नोने नकार दिला. ठाणे सोडले तर बेटावरचा हक्क सोडल्यासारखे होईल, हे त्याला शिकवलेले होते. वहिवाट सोडायची नाही.

त्यानंतर स्कर्व्ही आला. ताजी फळे-भाजी नाही, नारळ मोजके. हिरड्यांतून रक्त, जखमा भरत नाहीत, माणूस हळूहळू संपतो. बहुतेक पुरुष असे गेले. १९१५ मध्ये आर्नोला क्षितिजावर जहाज दिसले, किंवा दिसल्यासारखे वाटले. उरलेल्या माणसांना घेऊन तो होडीने निघाला. होडी उलटली आणि सगळे बुडाले. किनाऱ्यावर त्याची बायको अलिसिया आणि इतर बायका बघत होत्या.

बेटावर आता बायका, मुले आणि एकच पुरुष उरला, दीपगृहाचा रखवालदार व्हिक्टोरियानो आल्वारेस. त्याने बंदुका काढून घेतल्या, स्वतःला बेटाचा राजा म्हणवले आणि जवळजवळ दोन वर्षे त्या बायकांवर अत्याचार केले. विरोध करणारीला ठार मारले. याहून जास्त तपशील मी देत नाही. जुलै १९१७ मध्ये तिर्सा रेंदोन हिने हातोडा घालून त्याला संपवले.

आणि जवळजवळ त्याच घटकेला 'यॉर्कटाउन' ही अमेरिकन गनबोट बेटापाशी आली. महायुद्ध चालू होते आणि जर्मनांचा गुप्त तळ वा बिनतारी केंद्र कुठे आहे का, हे ती शोधत होती. तळ सापडला नाही. चार बायका आणि सात मुले सापडली. त्यांना मेक्सिकोत सालिना क्रूझला पोहोचवण्यात आले. बेट पुन्हा निर्मनुष्य झाले.

निवाडा

एवढे सगळे होईपर्यंत लवादाचे काम चालूच होते. इटलीच्या राजाने निवाडा दिला तो २८ जानेवारी १९३१ रोजी, म्हणजे करारानंतर जवळजवळ बावीस वर्षांनी. बेट फ्रान्सचे.

निवाडा छोटासा आहे. पहिला मुद्दा मेक्सिकोचा : बेट स्पेनचे होते, सहाव्या अलेक्झांडर पोपच्या आज्ञापत्राने स्पेनला मिळालेले. राजाने म्हटले, स्पेनने ते शोधले हे सिद्ध होत नाही, आणि शोधले असे धरले तरी स्पेनने किंवा मेक्सिकोने १८९७ पूर्वी तिथे सत्ता चालवल्याचा एकही पुरावा नाही. म्हणजे १८५८ साली ते बेट कोणाचेच नव्हते. कायद्यात ज्याला 'टेरा नलियस' म्हणतात ते.

दुसरा मुद्दा, फ्रान्सने खरोखर ताबा घेतला का? राजाचे म्हणणे थोडक्यात असे. एरवी ताब्यासाठी नुसती घोषणा पुरत नाही, कारभार चालवून दाखवावा लागतो. कारण तिथल्या माणसांना तुमचा कायदा मानायला लावायचा असतो. पण जिथे माणूसच नाही तिथे कुणाला मानायला लावणार? अशी जागा, पहिला देश तिथे पोहोचला की त्याच क्षणी निर्विवाद त्याच्या हाती येते. फ्रान्सने इरादा स्पष्टपणे जाहीर केला, छापून आणला, आणि नंतर कधी सोडला नाही. एकोणचाळीस वर्षे काही केले नाही म्हणून हक्क सोडला असे होत नाही.

याच्या तीनच वर्षे आधी, १९२८ साली, पाल्मास बेटाचा निवाडा झाला होता. अमेरिका विरुद्ध नेदरलँड्स. तिथे अमेरिकेने स्पेनच्या शोधाचा वारसा सांगितला होता. लवाद मॅक्स हूबर यांनी तो फेटाळला आणि दीर्घकाळ, शांतपणे, प्रत्यक्ष चालवलेल्या सत्तेला, म्हणजे आपल्या भाषेत वहिवाटीला, मान दिला. पाल्मासवर माणसे राहत होती. दोन निवाडे शेजारी ठेवले की हिशेब कळतो : माणसे असतील तिथे वहिवाट बघायची, नसतील तिथे पहिला कागद.

आणि इथे मेक्सिकोची शोकांतिका आहे. वादाची रेघ १८९७ वर ओढली गेली. त्यानंतर एखाद्या पक्षाने आपली बाजू बळकट करायला जे केले ते मोजायचे नाही, हा नियम तसा समंजस आहे. नाहीतर प्रत्येक वादात जास्त दांडगा तो जिंकेल. पण त्याचा अर्थ असा की आर्नोची तुकडी, दीपगृह, स्कर्व्हीने मेलेले शिपाई, समुद्रात बुडालेली होडी, त्या चार बायका, यांचे वजन तराजूत शून्य. निवाड्यात त्यांचा उल्लेखही नाही. ज्या वहिवाटीसाठी त्यांना तिथे ठेवले, ती १९०९ साली करारावर सह्या झाल्या तेव्हाच जवळपास निरुपयोगी झाली होती. हे बेटावर कुणी कळवले नाही.

मेक्सिकोने निवाडा मानला आणि १९३४ साली आपल्या राज्यघटनेतून बेटाचे नाव वगळले. १९३५ मध्ये फ्रेंच नौदलाने येऊन रीतसर ताबा घेतला.

मग बेटात आहे काय?

ग्वानो केव्हाच संपला. दीर्घकाळ बेट हा फ्रान्सच्या नकाशावरचा एक ठिपका होता. मग समुद्राचा कायदा बदलला. किनाऱ्यापासून २०० सागरी मैलांपर्यंतच्या समुद्रावर त्या देशाचा आर्थिक हक्क मान्य झाला. आकडेमोड सोपी आहे. २०० सागरी मैल म्हणजे ३७०.४ किलोमीटर. बेट इतके लहान की ते ठिपका धरले तरी चालते. त्रिज्या ३७०.४ चे वर्तुळ काढा, क्षेत्रफळ येते सुमारे ४ लाख ३१ हजार चौरस किलोमीटर. महाराष्ट्राचे क्षेत्रफळ सुमारे ३ लाख ८ हजार. दोन चौरस किलोमीटर जमिनीमागे महाराष्ट्रापेक्षा मोठा समुद्र, आणि त्यात ट्यूना मासा.

इथे एक पाचर आहे. त्याच कायद्याच्या १२१ व्या कलमात म्हटले आहे की ज्या खडकांवर माणसाची वस्ती किंवा स्वतंत्र अर्थव्यवहार टिकू शकत नाही त्यांना हा २०० मैलांचा पट्टा मिळणार नाही. ब्रिटनने १९५५ साली हेलिकॉप्टरने माणसे उतरवून अटलांटिकमधला रॉकऑल खडक आपला केला, पण १९९७ मध्ये या कायद्यात सामील होताना त्याच्या आधारावरचा पट्टा सोडून दिला. क्लिपर्टनबाबत फ्रान्सने तसे केले नाही. २००७ साली फ्रान्स आणि मेक्सिकोने मासेमारीचा समझोता केला आणि मेक्सिकोच्या बोटींना तिथे परवाने मिळू लागले.

म्हणजे बघा, १८५८ च्या दाव्याला बेट निर्मनुष्य असण्याचा फायदा झाला. आज समुद्राच्या हक्कासाठी त्याच बेटावर माणूस राहू शकतो असे म्हणावे लागते. माणूस राहू शकतो का, याचे उत्तर १९१४ ते १९१७ या तीन वर्षांनी दिलेले आहे. पण ते कुठल्याच बाजूच्या फायद्याचे नाही.

निरंक

आता फोनवरच्या प्रश्नाचे उत्तर. नोकरीच्या सुरुवातीला मी एका कालव्याच्या पाहणीवर होतो. छापील तक्त्यात एक रकाना होता, 'वस्ती'. एका माळासमोर आधीच्या कुणीतरी 'निरंक' लिहिले होते. मीही बघून तेच पुढे उतरवले, कारण आम्ही गेलो तेव्हा मे महिना होता आणि माळावर कुणी नव्हते. पावसाळ्यानंतर काम सुरू करायला गेलो तर तिथे धनगरांचे वाडे बसलेले. दरवर्षी बसतात, बापजाद्यांपासून. त्यांतली एक म्हातारी मला म्हणाली, "साहेब, तुमच्या कागदात आम्ही न्हाई म्हणं." माझ्याकडे उत्तर नव्हते. कागद माझ्याच अक्षरातला होता.

क्लिपर्टनचा निवाडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा मला ती म्हातारी आठवली. 'निर्मनुष्य' हा शब्द जमिनीचे वर्णन वाटतो, पण कागदावर तो एका तारखेचे वर्णन असतो. १७ नोव्हेंबर १८५८ रोजी बेटावर कुणी नव्हते, हे खरे. त्या एका दिवसाचे खरे पुढे सगळ्या दिवसांना लागू झाले. सीमाभागात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना कागदावरची रेघ आणि रेघेवरची माणसे यांतला फरक वेगळा समजावून सांगायला नको.

याचा अर्थ कागद खोटा आणि आठवण खरी असा मी घेत नाही. होनोलुलूच्या त्या वर्तमानपत्राचा अंक जपला गेला म्हणूनच फ्रान्सला आपले म्हणणे सिद्ध करता आले. आपण सगळे अशाच कात्रणांवर जगतो. पण निवाडा लिहिणाऱ्याने रेघ ओढून थांबणे हे त्याचे काम असते, इतिहास लिहिणाऱ्याचे नाही. राजाच्या निवाड्याशेजारी 'यॉर्कटाउन'वर चढलेल्या अकरा जणांची यादी ठेवणे हे आपले काम आहे. १९८० साली झाक कूस्तोंच्या मोहिमेबरोबर, त्या अकरांतला एकजण, आर्नोचा बेटावर जन्मलेला मुलगा, म्हातारपणी तिथे जाऊन आला. निवाड्याच्या हिशेबी तो ज्या वस्तीत जन्मला ती मोजलीच गेली नव्हती.

सभासदांना एवढीच विनंती की तुमच्याकडे जुनी पाहणीपत्रके, हद्दीचे नकाशे, गावठाणाच्या याद्या असतील, तर ज्या रकान्यांत 'निरंक' लिहिले आहे ते एकदा पुन्हा बघा, आणि पाहणी कोणत्या महिन्यात झाली होती तेही बघा.